दिवसाला 120 लिटर

बंदिस्त तलावात लहान मुलांना पोहायला शिकवणं हे माझं काम. तलाव छोटा आहे, 10 मीटर बाय 5 मीटर. पाणी 28 अंशांवर ठेवते, नाहीतर मुलं पंधरा मिनिटांत कुडकुडायला लागतात. अशा जागेत पाण्यापेक्षा हवेचा त्रास मोठा. काचांवरून ओघळ, भिंतींना बुरशी आणि तो डोळे चुरचुरवणारा वास, ज्याला सगळे क्लोरीनचा वास म्हणतात. खरं तर तो क्लोरीन आणि घाम वगैरे मिळून होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. उपाय म्हणून हीट पंपवालं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा पाणी करून काढणारं आणि त्यातली उष्णता परत वापरणारं यंत्र, आणि डक्टिंग, म्हणजे हवा नेणाऱ्या-आणणाऱ्या मोठ्या नळ्या, करून घ्यायचं ठरवलं. पैसे साठवून केलेलं काम होतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

कंत्राटदार ओळखीतून आला. गोड बोलणारा. हॉलची लांबी-रुंदी पावलांनी मोजली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही पोहायला शिकवा, हवेचं आमच्यावर सोडा." मी सोडलं. पाणी किती अंशांवर आहे, हे त्याने विचारलंच नाही. तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. पाण्याची वाफ किती होणार हे तलावाचं क्षेत्रफळ, पाण्याचं आणि हवेचं तापमान, हवेतली आर्द्रता आणि पाण्यात किती धुडगूस चालतो यावर ठरतं. खोलीच्या आकाराचा त्यात फारसा संबंध नाही. पण पावलं मोजणारा माणूस अनुभवी दिसतो, काय करणार.

कोटेशनमध्ये यंत्रापुढे लिहिलं होतं, "क्षमता दिवसाला 120 लिटर". आकडा भरघोस वाटला. दिवसाला 120 बादल्यांएवढं काहीतरी खेचून घेणार अशी माझी भाबडी समजूत. नंतर कळलं ते असं, की हा आकडा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेला होता. मला हॉल ठेवायचाय 60 टक्क्यांपर्यंत. हवा कोरडी होत जाते तसं यंत्राच्या हाती कमी पाणी लागतं, आणि 60 टक्क्यांना क्षमता बरीच घटते. उलट बाजूला माझा तलाव. हवा 30 अंश, आर्द्रता 60 टक्के धरली तर तो रिकामा असतानाही तासाला 4 ते 5 लिटर वाफ सोडतो, आणि मुलं उतरली की जवळपास दुप्पट. पाटीवरचा आकडा पूर्ण खरा धरला तरी तासाला 5 लिटरच होतात. म्हणजे यंत्र पहिल्या दिवसापासून हरलेलं होतं. यात खोटं काही लिहिलेलं नव्हतं, हे विशेष. फक्त कुठल्या अटीवर, ते लिहिलेलं नव्हतं.

डक्टिंगची ओळ त्याहून आखूड: "डक्टिंग, ग्रिलसह, एकरकमी". धातू कोणता, जाडी किती, इन्सुलेशन आहे का, काहीच नाही. बोलताना ॲल्युमिनियम म्हणाला होता. लागला तो जस्ताचा मुलामा दिलेला साधा लोखंडी पत्रा, वरून रुपेरी रंग मारलेला. क्लोरामाइनच्या दमट हवेत असा पत्रा गंजतो, म्हणून तलावाच्या हॉलमध्ये ॲल्युमिनियम, प्लास्टिक, कापडी डक्ट किंवा नीट लेप दिलेला पत्रा वापरतात. मला रंगाखालचं कळलं ते आठव्या महिन्यात, सांध्यांमधून तपकिरी थेंब पांढऱ्या फरशीवर पडायला लागले तेव्हा.

काम चालू असताना मी रोज जात होते. पण माझं लक्ष कुठे? फॉल्स सीलिंगचा रंग, ग्रिल एका रेषेत आहेत का. छत बंद झालं, त्याने यंत्र चालू करून दाखवलं, थंडगार पाणी निचऱ्याच्या नळीतून टपटपलं. मी "काम समाधानकारक" या कागदावर सही केली आणि राहिलेले 10 टक्केही देऊन टाकले. ती सही आजही माझ्या विरोधात वापरली जाते.

त्रास पंधरा दिवसांतच परत सुरू झाला. फोन केला की उत्तर ठरलेलं: सुरुवातीला असं होतं, सेट व्हायला वेळ लागतो. मग म्हणाला, तुमची मुलं जरा जास्तच पाणी उडवतात. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

शेवटी एका जुन्या मेकॅनिकने, जो मुळात पंप दुरुस्त करायला आला होता, खिशातून टिश्यू पेपर काढला आणि शिडीवर चढून परतीच्या ग्रिलला, म्हणजे हॉलमधली हवा यंत्राकडे परत ओढणाऱ्या जाळीला, लावला. छतात असे तीन ग्रिल होते. एकाला कागद चिकटून राहिला. दुसऱ्याला लावला, सोडला, तो भिरभिरत खाली आला. तिसऱ्याचंही तेच. ग्रिलच्या मागे डक्टच नव्हता! नुसती जाळी स्क्रूने बसवलेली. हॉलमधली दमट हवा त्या भोकांतून छताच्या पोकळीत जात होती आणि वरच्या थंड स्लॅबला लागून तिचं पाणी होत होतं. सीलिंग पेलणाऱ्या सळ्यांना गंजाचे पापुद्रे सुटले होते. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे 1985 साली तलावाचं काँक्रीटचं छत कोसळून 12 जण गेले. तिथल्या तर स्टेनलेस स्टीलच्या सळ्या होत्या, क्लोरीनपासून बनणाऱ्या क्लोराइडमुळे तडकलेल्या. मी त्याच दिवशी वर्ग बंद केले.

मग एकेक उलगडत गेलं. आम्ही निचऱ्याच्या नळीखाली बादली लावली आणि आठ तास यंत्र चालवलं. हॉलमध्ये आर्द्रता 75 टक्के, म्हणजे पाटीवरच्या आकड्याला जवळपास पोषक हवा. 40 लिटरच्या आसपास यायला हवे होते, आले 18. यंत्राला पुरेशी हवाच मिळत नव्हती. यंत्राच्या मागे दोन पाइप टोपण लावून बंद केलेले दिसले. ते तलावाच्या पाण्यासाठीचे होते. वाफेतली उष्णता परत पाण्यात सोडणं हा हीट पंपचा मोठा फायदा, आणि त्या सोयीचे पैसे मी वेगळे मोजले होते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 0.68 युनिट एवढी उष्णता घेऊन जातं. ती पाण्यात परत न आल्याने माझा वेगळा हीटर रात्रंदिवस चालू. वीजबिल का उतरत नाही याचं कोडं तिथे सुटलं.

वॉरंटीसाठी यंत्राच्या कंपनीला कळवलं तर नोंदणीच केलेली नव्हती. कंत्राटदार आता माझा नंबर उचलत नाही. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तेव्हा आधी "बोला मॅडम" म्हणाला, म्हणजे आवाज ओळखला, आणि मग ठेवून दिला. तक्रार दिली आहे, सोबत फोटो, बादलीचे आकडे आणि ते एका ओळीचं कोटेशन.

नव्या माणसाने पहिल्यांदा पाण्याचं तापमान विचारलं, रात्री तलावावर आच्छादन घालता का विचारलं, आणि क्षमतेचा आकडा 30 अंश, 60 टक्क्यांचा लिहून दिला. प्रत्येक ग्रिलची हवा मोजून कागदावर देणार म्हणाला. छत कधी बंद करायचं, असं परवा विचारत होता. मी म्हटलं, आधी बादली.