प्रथिननिर्मितीचा प्रतिकृती-संच: रायबोझोम उत्तम, टी-आरएनए अपुरे

जनुकातील माहितीवरून पेशी प्रथिन कसे तयार करते, हे वर्गात प्रत्यक्ष हाताळून दाखवता यावे यासाठी हा प्रतिकृती-संच बनवलेला आहे. त्यात डीएनएच्या पट्ट्या, एम-आरएनएची (जनुकातील संदेशाची प्रत) लांब पट्टी, टी-आरएनएचे (प्रथिनाचे घटक असलेली अमिनो आम्ले वाहून आणणारे रेणू) तुकडे, कोडॉनचा (एम-आरएनएवरील तीन न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे आरएनएच्या तीन घटकांचा, संकेत) तक्ता आणि पारदर्शक प्लास्टिकचा मोठा रायबोझोम (पेशीतील प्रथिने जोडणारे यंत्र) मिळतो. संच घ्यावा तो या रायबोझोमसाठी.

त्याचे दोन उपघटक वेगळे होतात आणि टी-आरएनए बसतात त्या ए, पी व ई या तिन्ही जागा स्पष्ट दिसतात. खाचा अशा कापल्या आहेत की टी-आरएनएवरील अँटीकोडॉन (कोडॉनला पूरक तीन न्यूक्लिओटाइडे) एम-आरएनएवरील कोडॉनशी उलट दिशेनेच जुळतो. दिशा चुकली तर तुकडा बसतच नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे अमिनो आम्लांची साखळी पी जागेवरच्या टी-आरएनएवरून सोडवून ए जागेवर नुकत्याच आलेल्या अमिनो आम्लाला जोडावी लागते, आणि मगच पट्टी तीन न्यूक्लिओटाइडांनी पुढे सरकते. अनेक भित्तिचित्रांत जुन्या साखळीच्या टोकाला नवे अमिनो आम्ल चिकटवलेले दाखवतात, ते चूक आहे. अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध जिथे तयार होतो तो भाग आरएनएच्या रंगात रंगवला आहे, हेही अचूक. कारण हे काम रायबोझोममधील प्रथिने नव्हे, तर त्यातील आरएनए करतो. (रायबोझोमच्या रचनेवरील संशोधनासाठी रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ यांना २००९ चे नोबेल मिळाले.) समाप्ती कोडॉनसाठी (साखळी संपल्याची खूण) टी-आरएनए न देता पूर्ण साखळी सोडवणाऱ्या मुक्ती घटकाचा स्वतंत्र तुकडा दिला आहे, याबद्दल निर्मात्यांचे कौतुक करावेसे वाटते.

खरी उणीव टी-आरएनएमध्ये आहे. त्यांच्यावर अमिनो आम्ले कारखान्यातच कायमची चिकटवलेली असल्यामुळे योग्य टी-आरएनएला योग्य अमिनो आम्ल जोडणारी विकरे (एन्झाइम) या संचात कुठेच येत नाहीत. वास्तविक कोणत्या कोडॉनला कोणते अमिनो आम्ल, हा निर्णय याच विकरांच्या हाती असतो. रायबोझोम मुख्यतः कोडॉन आणि अँटीकोडॉन यांची जुळणी तपासतो. १९६२ साली सिस्टीन वाहणाऱ्या टी-आरएनएवरील सिस्टीनचे रासायनिक प्रक्रियेने अ‍ॅलानीनमध्ये रूपांतर करण्यात आले, तेव्हा रायबोझोमने सिस्टीनच्या जागी अ‍ॅलानीन बिनदिक्कत बसवले. इतका बोलका प्रयोग या संचाने दाखवता येत नाही, कारण अमिनो आम्ल सुटतच नाही. शिवाय वापरलेला टी-आरएनए पेशीत पुन्हा भारित होतो, म्हणजे त्याला नवे अमिनो आम्ल जोडले जाते, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही.

प्रतिलेखनाचा, म्हणजे डीएनएवरून आरएनए तयार होण्याचा, भाग जेमतेम आहे. ते काम करणारे विकर, आरएनए पॉलिमरेज, म्हणजे निव्वळ एक रंगीत ठोकळा. चित्रात केंद्रक असलेली पेशी दाखवली आहे, परंतु १९७७ मध्ये उजेडात आलेले इंट्रॉन (जनुकाचे मधले, अंतिम एम-आरएनएत न राहणारे भाग) आणि ते कापून काढण्याची प्रक्रिया वगळली आहे. कोडॉनचा तक्ता निर्दोष आहे. मात्र पुस्तिकेच्या एका पानावर एम-आरएनएच्या साखळीत युरॅसिलऐवजी थायमिन छापले गेले आहे, तेवढे वाटपापूर्वी दुरुस्त करून घ्यावे.

भाषांतरण, म्हणजे एम-आरएनएवरून प्रथिन बनण्याची पायरी, शिकवणाऱ्यांनी हा संच जरूर घ्यावा. केवळ प्रतिलेखनासाठी हवा असेल तर कागदी पट्ट्या पुरतात. चिकटवलेली अमिनो आम्ले पात्याने जपून सोडवून तिथे वेल्क्रो लावले, आणि विकरांसाठी, प्रत्येक अमिनो आम्लामागे एक असे, पुठ्ठ्याचे वीस तुकडे कापले, तर मुख्य उणीव बरीचशी भरून निघते.