बुलेट, येझदी की आरएक्स १००? पहिली जुनी गाडी घेताना

जुनी मोटरसायकल घ्यायचीच असं मनाशी ठरलं की आपल्याकडे बोलणं फिरून तीन नावांवर येतं: कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०, येझदी रोडकिंग आणि यामाहा आरएक्स १००. राजदूत ३५० चाही मोह होतो, पण तिचे पार्ट शोधताना जीव जातो. पहिली गाडी म्हणून ती नकोच.

चालवायला सगळ्यात सोपी आरएक्स. ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास. मूठ पिळली की गाडी अक्षरशः उडी घेते. आजच्या गाडीवरून उतरून थेट हिच्यावर बसलात तरी नवं काही शिकावं लागत नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला लागणाऱ्या टू-टी ऑइलची टाकीसुद्धा वेगळी आहे, ते पेट्रोलमध्ये मिसळत बसावं लागत नाही. घोळ आहे तो बाजारात. १९८५ ला आलेली ही गाडी १९९६ ला बंद झाली, मागणी मात्र वाढतच गेली. त्यामुळे त्याच घराण्यातल्या आरएक्सजी किंवा आरएक्स १३५ ला रंग-स्टिकर मारून ‘ओरिजिनल शंभर’ म्हणून गळ्यात मारणारे भेटतात. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. आजच्या भावात मी तरी घेणार नाही.

येझदीची गोष्ट निराळी. मैसूरच्या आयडियल जावाने १९७३ पासून गाड्यांना हे नाव दिलं, १९७८ ला रोडकिंग आली आणि १९९६ ला कारखानाच थांबला. अडीचशे सीसीचा एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर एकाच दांडीवर: किक मारायची आणि तीच दांडी खाली घेऊन गिअर टाकायचा. गिअर बदलताना क्लच दाबला नाही तरी चालतं, कारण गिअरची दांडी हलली की क्लच आपोआप सुटतो. हे कळलं की माणूस हिच्यातून बाहेर येत नाही. पण लाड करावे लागतात. ऑइल पेट्रोलमध्ये मोजून मिसळायचं. कमी पडलं तर पिस्टन जॅम, जास्त झालं तर प्लग काळा आणि धुरापायी मागच्याची शिवी. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी जमतात. घ्यायच्या आधी तिथे एक चक्कर मारा, बिघाडांची खरी यादी तिथेच ऐकायला मिळेल.

बुलेटचं वेड फायरिंगपासून, म्हणजे तिच्या धडधड आवाजापासून सुरू होतं, कस लागतो किकपाशी. अँपिअरचा काटा मधे आणायचा, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर दाबून किक जराशी पुढे न्यायची, मग तो सोडून एक पूर्ण किक. चुकलं तर किक उलटी येते आणि नडगी लक्षात ठेवते. जुन्या बुलेटचा गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. त्यातही पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. रोज दुसरी गाडी वापरणाऱ्याचा पाय ऐनवेळी चुकतो, म्हणून आधी मोकळ्या मैदानावर सवय करा. बाकी पार्ट पुण्यात नाना पेठेत मिळतील, तसेच तालुक्याच्या गावीही. ही सोय उरलेल्या दोघींना नाही.

कागदांचं आता. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग आणि हरित कर आलाच. ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या भरीस पडू नका: २०२१ च्या नियमांप्रमाणे ती ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना मिळते आणि मग ती गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. शिवाय हल्लीचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

दर रविवारी लांब जायचं असेल तर बुलेट. अंगणात बसून हात काळे करायची हौस असेल तर येझदी, आणि माझा कौल तिलाच. मात्र सौदा करायच्या आधी त्या गाडीवर हात बसलेला मिस्त्री जवळपास आहे का बघा. तो साठी ओलांडलेला असेल तर त्याच्या हाताखाली कुणी शिकतंय का, हेही विचारून घ्या.