न्यू जर्सीच्या बागेत कुठला अ‍ॅस्टर लावावा, न्यू इंग्लंड की अरोमॅटिक?

आधी एक क्लिअर करते, आपल्याकडे हारात असतो तो चायना अ‍ॅस्टर वेगळा, तो एका सीझनचा. इथले हे अ‍ॅस्टर बहुवर्षायू, थंडीत वरचं सगळं वाळून जातं आणि वसंतात मुळापासून परत फुटतं.

न्यू यॉर्क अ‍ॅस्टर पण मिळतो पण तो मी सुचवणार नाही, पानांवर भुरी फार येते आणि माती सतत ओलसर लागते. म्हणजे खरी निवड दोघांतच.

न्यू इंग्लंड उंच, 3 ते 6 फूट, जांभळी नाहीतर गुलाबी फुलं आणि मधे पिवळं, सप्टेंबरात मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोकडे निघालेली असतात ती यावर उतरतात आणि खरं सांगते, हे एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं. पण खालची पानं वाळून नुसते दांडे दिसायला लागतात, त्यामुळे पुढे काहीतरी बुटकं लावा, आणि जोराच्या पावसात झाड आडवं पण होतं. त्यावर उपाय म्हणजे जूनमध्ये शेंडे खुडायचे, झाड बुटकं आणि भरगच्च होतं, मात्र जुलैच्या मध्यानंतर हात लावायचा नाही, नाहीतर कळ्याच जातात. एवढी खटपट नको असेल तर याचीच बुटकी जात, पर्पल डोम घ्या, दीड फुटातच राहतो. न्यू इंग्लंडची फुलं रात्री मिटतात, म्हणून फुलदाणीसाठी याच्या भरवशावर राहू नका.

अरोमॅटिक त्या मानाने एकदम समजूतदार! गोल गच्च झुडूप, 1 ते 3 फूट, पान चुरगळलं की छान वास, एकदा रुजला की उन्हाळ्यात पाणी घालायचं राहिलं तरी तग धरतो, हरणं पण सहसा कमी खातात. फुलतो उशिरा, ऑक्टोबरभर, बाकी बाग आटपलेली असते तेव्हा हा निळसर जांभळा. ऑक्टोबर स्काइज आणि रेडॉन्स फेवरिट या याच्या जाती, दोन्ही चांगल्या. फक्त निचरा हवाच, पाणी साचणाऱ्या जागेत मुळं कुजतात, तिथे मग न्यू इंग्लंडच.

ऊन दोघांनाही किमान 6 तास हवं, सावली असेल तर ब्लू वुड अ‍ॅस्टर बघा.

एकच जागा असेल आणि ती उन्हाची, कोरडी असेल तर डोळे झाकून अरोमॅटिक. आणि ऑक्टोबरात फुललेली कुंडी बघून मोह होतो पण शक्यतो वसंतात लावा, थंडीच्या आत मुळं नीट धरतात.