तबला-तंबोऱ्याचं सॉफ्टवेअर: मदरबोर्ड गेल्यानंतरचा अनुभव

लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला आणि त्याच्यासोबत माझा तबलजी, म्हणजे तबला-तंबोरा वाजवणारं हे सॉफ्टवेअरही गेलं. लायसन्स मशीनला बांधलेलं. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, आधी जुन्या मशीनवरून डीअ‍ॅक्टिव्हेट करा. म्हटलं, जळालेला बोर्ड चालू कसा करायचा तेही सांगा. मग सामसूम. पावती, बेळगावातल्या दुरुस्तीचं बिल, सगळं पाठवल्यावर एकदाची नवी लायसन्स-की मिळाली. पैसे एकरकमी भरलेले म्हणून एवढा भांडलो. वर्षाला भाडं मागणारं असतं तर त्याच दिवशी काढून टाकलं असतं.

आमच्या खानापूरकडची तबला वाजवणारी पोरं गोव्यात कामाला, सणाला तेवढी येतात. रोजच्या रियाजाला हेच. तंबोरा झकास. माझी पेटी जुनी, तिची 'काळी दोन' ही पट्टी नव्या पेट्यांपेक्षा अंमळ चढी. इथं सूर सेंटनं, म्हणजे अगदी बारीक मापानं, सरकवता येतो, त्यामुळे जुळते. मालकंस रागात पंचम नाही, त्याला पंचमाची तार मध्यमावर घेता येते. तीनताल, झपताल, एकताल, तक्रार नाही.

पण भजनी ठेका! आठ मात्रांचा साधा ठेका. अभंग मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत उठतो, गजराला 140 वर जातो आणि मधली चढण कुणाला कळतही नाही. इथं लयीचं बटण दाबलं की ठेका गचकन तुटून समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, नव्यानं सुरू. तोंडात अर्धा चरण! या एका गोष्टीपायी एकच स्टार द्यायचं ठरवलं होतं.

नंतर रेकॉर्डिंगच्या मेनूत प्रत्येक आवर्तनाची (ठेक्याच्या एका फेरीची) लय वेगळी लिहायची सोय सापडली. दर आवर्तनाला 2 वाढवत नेलं, 30 आवर्तनांत 140. ऐकायला खरंच बरं वाटतं. त्यावर पेटी आणि आवाज वेगवेगळे घेतले. दोन अभंग, एक कर्नाटकातल्या हरिदास संतांचं कन्नड पद. फक्त ब्लूटूथ हेडफोन नको, ठेका कानात उशिरा पोचतो आणि गाणं मागं पडतं. साधा वायरचा घ्या, आवाजाच्या सेटिंगमधला बफर 256 ठेवा.

तरी हा गडी ऐकत नाही तो नाहीच. एखादा चरण रंगला तर आम्ही तो घोळवत बसतो, आणि बुवांची मान बघून तबलजी लय धरून ठेवतो. हा ठरल्या आवर्तनाला चढणारच. म्हणून चढणीआधी चार-सहा आवर्तनं जादा टाकतो, उरली की कापतो.

चार स्टार. पाचवा हवा असेल तर पायानं दाबायच्या पेडलवर लय चढवायची सोय द्या. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. माऊस कुणी धरायचा?