बोली जिंकून गिऱ्हाईक गायब: थांबायचं, दुसऱ्याला द्यायचं की पुन्हा लावायचं?

रात्री दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवरची बोली संपली. ॲडमिननं ‘सोल्ड 4,500’ लिहून नाव टॅग केलं, जिंकणाऱ्यानं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि तिथून माणूस जो गेला तो गेलाच. मी पाठवलेल्या यूपीआय आयडीखाली दोन दिवस एकच टिक. फोन लावला की स्विच ऑफ. घड्याळ होतं एचएमटी पायलट, काळ्या डायलचं, चावी द्यायचं. कुरियरचा खोका आणून ठेवलेला, त्यात ते तसंच टिकटिकत पडलेलं.

विकणाऱ्यापुढे अशा वेळी तीन वाटा असतात: वाट बघा, दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला विचारा, नाहीतर नव्यानं लिलाव लावा. कुठली धरायची हे माल कुठे विकलात त्यावर ठरतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मी दुसऱ्या नंबरला विचारतो, तेही भाव उतरवून. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर मात्र बहुतेक वेळा रद्द करून पुन्हा लावणं बरं पडतं.

वाट बघणं

ईबेवर मुदत ठरलेली आहे. चार दिवसांत पैसे आले नाहीत की ऑर्डर रद्द करता येते आणि विक्रीवर कापलेलं कमिशन परत मिळतं. रद्द करताना ‘खरेदीदाराने पैसे दिले नाहीत’ हेच कारण निवडा. भिडेखातर ‘खरेदीदाराने रद्द करायला सांगितले’ निवडलंत, तर त्याच्या खात्यावर पैसे बुडवल्याची नोंद लागत नाही. 2008 पासून विकणाऱ्याला खरेदीदाराविषयी वाईट शेरा लिहिता येत नाही, त्यामुळे ती नोंद हेच काय ते तुमच्या हातातलं हत्यार.

ग्रुपवर मुदत ठरवणारे तुम्हीच. मी 48 तास देतो. मग एक मेसेज: ‘उद्या रात्री 9 पर्यंत रक्कम न आल्यास घड्याळ दुसऱ्यास विकत आहे.’ हा मेसेज उपचार म्हणून पाठवत नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात कलम 64 प्रमाणे हातोडा पडला, म्हणजे आपल्याकडे ‘सोल्ड’ पडलं, की विक्री पूर्ण होते. पैसे थकलेल्या विक्रेत्याला तोच माल पुन्हा विकता येतो, पण कलम 54 म्हणतं की आधी खरेदीदाराला तशी सूचना द्या आणि वाजवी वेळ द्या. सूचना देऊन विकलंत आणि भाव कमी आला, तर नुकसान त्याच्याकडून मागता येतं. न सांगता विकलंत तर नुकसान मागता येत नाही, आणि उलट जास्त भाव आला तर वरचा नफाही त्याचा! साडेचार हजारांच्या घड्याळासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, हे मान्य. पण आठवड्यानं तो उगवून ग्रुपवर भांडायला लागला, की तारीख-वेळेसकट तो मेसेज असला म्हणजे ॲडमिन तुमच्या बाजूनं बोलतो. ‘48 तासांत पैसे न आल्यास पुन्हा विकण्याचा हक्क राखून’ एवढं वाक्य लिलावाच्या पोस्टमध्येच टाकलंत तर आणखी बरं.

दुसऱ्या नंबरची बोली

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. दुसऱ्याची बोली 4,400, मग ‘4,400 ला घेता का?’ असं सरळ विचारतात. मीही विचारलं होतं. उत्तर आलं, ‘काका, वरचा तुमचाच माणूस होता ना?’

राग आला. मग बोलींची यादी वरपासून वाचली. सुरुवात 1,500, टप्पा शंभराचा. तिसरा गडी 2,600 ला थांबलेला. तिथून पुढे फक्त दोघांची जुगलबंदी. गायब झालेला मुळात नसता, तर दुसऱ्याला घड्याळ 2,700 ला मिळालं असतं. 4,400 हा आकडा पळून गेलेल्यानं त्याच्याकडून काढून घेतलेला. शिवाय विक्रेत्यानं खोटी बोली लावून भाव चढवला, तर खरेदीदाराला ती विक्री रद्द करता येते, असं तेच कलम 64 सांगतं. म्हणजे त्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

तेव्हापासून मी आधी तिसऱ्याचा आकडा बघतो. तिसरा दुसऱ्याच्या जवळ असेल, म्हणजे शे-दोनशेच्या फरकात तीन-चार जण असतील, तर दुसऱ्याची बोली खरी. तोच भाव मागावा. मध्ये मोठी दरी असेल तर भाव त्यालाच विचारावा. त्या पायलटचे मला 3,500 मिळाले, आणि तो माणूस आजही माझ्याकडून घेतो.

ईबेवर ही लवचीकता नाही. तिथल्या ‘सेकंड चान्स ऑफर’मध्ये, म्हणजे हरलेल्या बोलीवाल्याला माल देऊ करायच्या सोयीत, किंमत म्हणजे त्या माणसाची बोली, ती तुम्हाला उतरवता येत नाही. लिलाव संपल्यापासून 60 दिवसांपर्यंत ऑफर पाठवता येते, वेगळी लिस्टिंग फी नाही. गर्दीच्या लिलावात झकास. दोघांच्याच रस्सीखेचीत मात्र समोरचा ती उघडूनही बघत नाही.

पुन्हा लावणं

ग्रुपवर तीच दोनशे माणसं. घड्याळ परत आलं म्हणजे काहीतरी खोट असणार, असंच वाटतं त्यांना, आणि एचएमटीच्या बाबतीत जास्तच. घड्याळं बनवणारी एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय 2016 साली झाला. आता बाजारात रंगवलेल्या डायलची, चार घड्याळांचे भाग जोडून केलेली इतकी घड्याळं फिरतात की शंका घेणाऱ्याला दोष देता येत नाही. लावायचंच तर महिनाभर थांबा, मागचं झाकण उघडून मशीनचे नवे फोटो काढा आणि ‘आधीच्या खरेदीदाराने पैसे दिले नाहीत’ हे पहिल्याच ओळीत लिहून टाका.

ईबेवर हा त्रास कमी, कारण बघणारे रोज नवे. तिथे दुसऱ्या खेपेला लिलाव न लावता ठरलेल्या किमतीला, ‘ताबडतोब पैसे’ ही अट घालून ठेवावं. पैसे भरल्याशिवाय सौदाच होत नाही, मग गायब कोण होणार? फक्त किमतीचा अंदाज तुमचा पक्का हवा.

गायब झालेला कधीकधी परततो. परत येऊन त्यानं ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हटलं, तर तिथेच ब्लॉक करा. पैसे यायला पिन लागत नाही. माझा गायब इसम आठव्या दिवशी उगवला. आई दवाखान्यात होती, फोन घरी राहिलेला. घड्याळ आहे का, एवढंच विचारलं. विकलं होतं. मी त्याला तो तारखेचा मेसेज दाखवला, तो ‘बरोबर आहे’ म्हणाला. दोन महिन्यांनी एचएमटीच्याच जनता मॉडेलवर बोली लावायला आला, तेव्हा मी आधी 500 रुपये आगाऊ मागितले. दहा मिनिटांत आले.