३० सेंमी स्टीलची पट्टी: मापायला आणि कापायला उत्तम, रेघा मारायला बेताची

स्टीलची पट्टी विकत घेताना आधी शून्य कुठे आहे ते बघावं. चांगल्या पट्टीत टोक हेच शून्य असतं. म्हणून ती खाचेत किंवा पेटीच्या तळाला टेकवून खोली थेट वाचता येते. शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत शून्याच्या आधी काही मिलिमीटर जागा मोकळी सोडलेली असते. टोक झिजलं तरी माप बिघडू नये म्हणून ती सोय आहे, पण मुलं टोकापासून मोजतात आणि प्रत्येक माप तेवढंच कमी भरतं. स्टीलमध्ये उलटा धोका असतो. पट्टीने डब्याची झाकणं उचकटली, स्क्रू फिरवले की शून्याचा कोपरा गोल होतो आणि पहिला मिलिमीटर खोटा ठरतो. अशा पट्टीवर १० सेंमीच्या खुणेपासून मोजावं आणि शेवटी १० वजा करावेत. ते वजा करायला विसरणं ही सगळ्यांत नेहमीची चूक, आणि ती कापून झाल्यावरच कळते.

इथे विचार केला आहे तो ३० सेंमी लांब, साधारण १ मिमी जाड, कोरीव खुणांच्या पट्टीचा. अर्ध्या मिलिमीटर जाडीचीही मिळते. ती वाकते म्हणून पाइप किंवा बाटलीच्या गोलाईवर बसते, पण कटर चालवताना हाताखालून हलते. एकच घ्यायची तर जाड घ्यावी.

खुणा कोरीव आहेत की नुसत्या छापलेल्या, हे नखाने कळतं. नख आडवं फिरवलं की कोरीव खुणेत किंचित अडकतं. छापील काळा रंग थिनरने आणि रोजच्या घासण्याने उडतो, आणि आधी मधल्याच खुणा जातात, कारण तिथेच बोटं टेकतात. चकचकीत पॉलिशपेक्षा मळकट, मंद पृष्ठभाग बरा. ट्यूबलाइटखाली अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा चमकेत हरवत नाहीत. लोहचुंबक चिकटला म्हणून पट्टी नकली ठरत नाही. कडक केलेल्या स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला चिकटतातच.

कड सरळ आहे का, हे दुकानातच तपासता येतं. बारीक टोकाच्या पेन्सिलीने कडेलगत रेघ मारा. मग पुस्तकाचं पान उलटतो तशी पट्टी उलटवून तीच कड त्याच दोन टोकांना लावा आणि पुन्हा रेघ मारा. मध्ये फट दिसली तर कडेचा खरा दोष त्या फटीच्या निम्मा. पुष्कळ जण पट्टी न उलटवता नुसती अर्धा फेरा फिरवतात. त्यात कमानीसारखा बाक दिसतो, पण नागमोडी बाक निसटतो, कारण दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात. लांबी तपासायला दोन-तीन पट्ट्यांची शून्यं जुळवून ३०च्या खुणा बघाव्यात. इथे स्टीलची बाजू भक्कम आहे. तापमान २० वरून ४० अंशांवर गेलं तर स्टेनलेसची ३० सेंमी पट्टी, जातीनुसार, सुमारे ०.०६ ते ०.१ मिमी वाढते. ॲक्रिलिकची साधारण ०.४ मिमी.

बहुतेक पट्ट्यांवर दुसऱ्या कडेला इंच असतात. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी. 'अडीच सेंटिमीटर' धरून हिशेब केला तर १२ इंचांत ४.८ मिमी कमी पडतात, म्हणजे फोटोफ्रेमच्या काचेसाठी काम वायाच.

वाचताना डोळा खुणेच्या बरोबर वर हवा. पट्टी जाड असल्याने खुणा कागदापासून वर राहतात आणि तिरकं बघितलं की माप सरकतं. उपाय सोपा: पट्टी कडेवर उभी करावी, म्हणजे खुणा थेट कागदाला टेकतात. एका रेघेवर बऱ्याच खुणा करायच्या असतील तर पट्टी न उचलता सगळ्या एकाच शून्यापासून कराव्यात. दर वेळी पुढे सरकवली की चूक साचत जाते. १७ सेंमी रुंदीच्या कागदाचे पाच समान भाग हवेत? भागाकार नको. पट्टी तिरकी ठेवून शून्य एका कडेवर आणि २० दुसऱ्या कडेवर आणा, मग ४, ८, १२ आणि १६ वर टिंबं द्या.

कापायला मात्र हिला तोड नाही. प्लॅस्टिकच्या कडेला कटर एकदा लागला की खाच पडते आणि पुढची प्रत्येक रेघ तिथे उडी मारते. स्टीलची पट्टी गुळगुळीत असल्याने सरकते, म्हणून मागे मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावाव्यात. बोटं कडेपासून दोन-तीन सेंमी आत, पसरलेली ठेवावीत. माउंटबोर्ड, म्हणजे चित्रामागचा जाड पुठ्ठा, एका जोरात कापू नये. तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापावा. जोर लावला की पातं पट्टीवर चढतं.

रेखांकनाला ही पट्टी गैरसोयीची. खालचं दिसत नाही, म्हणून समांतर रेघा अंदाजाने येतात. शिशाची भुकटी कडेला चिकटते आणि कागदभर फिरते. शाईच्या पेनाने तर घातच: सपाट कडेखाली शाई ओढली जाते. मागे लावलेली टेप कडेपासून अर्धा सेंमी आत ठेवली तर कड कागदापासून जराशी उचलली जाते आणि हे टळतं. तरी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांतल्या भूमितीला पारदर्शक पट्टीच घ्यावी. तिच्या खुणा खालच्या बाजूला छापलेल्या असाव्यात, म्हणजे कागद आणि खूण यांत अंतर राहत नाही. नकाशा १:५० किंवा १:१०० प्रमाणात काढायचा असेल तर दोन्हींऐवजी त्रिकोणी स्केल घ्यावं, आकडेमोड वाचते.

लांबीचं म्हणाल तर ए-फोर कागदाची लांब कड २९.७ सेंमी असते, तिला ३०ची पट्टी जेमतेम पुरते. कर्णाला, म्हणजे सुमारे ३६.४ सेंमीला, पुरत नाही. ए-थ्री कागदावर काम असेल तर सरळ ६० सेंमीची घ्या.