सालींचा साबण: पाच महिने वापरल्यावर

नावाला साबण, पण हा साबण नाही. फळांच्या साली गूळपाण्यात आंबवून निघणारं आंबट पाणी आहे ते. गूळ एक भाग, साली तीन, पाणी दहा, आणि नव्वद दिवस दम धरायचा. चैत्रात भरलं, आषाढात गाळलं, आता संक्रांत आली.

माझं माहेर केळीच्या यावल तालुक्यातलं, त्यामुळे एक बाटली मोसंबी-लिंबाची आणि दुसरी हौसेने केळीच्या सालींची. पहिला महिना रोज टोपण उघडून वायू सोडायचा असतो. मी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले, झोके खेळले आणि घरच्यांना सांगायचं विसरले. उन्हाळा अमळनेरचा! चौथ्या दिवशी केळीच्या बाटलीचं टोपण छताला. परत आले तर सासूबाई भिंतीकडे बोट दाखवून, "हाई काय शे वं माय?" उरलेला लगदा गाळणीतून उतरेना, वासही कुबट. केळीच्या मुलखात राहून सांगते, केळीची साल यात नकोच.

मोसंबीचं मात्र झकास झालं. पितळी तांब्या-समई पाच मिनिटांत लख्ख. फरशीला बादलीत झाकणभर पुरतं. पण शेवभाजीच्या कढईवर नुसतं घातलं तर तर्री जागची हलत नाही. रिठे रात्रभर भिजवून, उकळून त्याचं पाणी निम्मं मिसळलं, तेव्हा कुठे तेलकटपणा सुटला. आमच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाच्या वडीला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. रिठ्याला त्या पाण्याचं काही वाटत नाही. फक्त मिश्रण आठवड्यापुरतंच करा, रिठ्याचं पाणी लवकर नासतं.

एक नुकसान माझ्या हाताने झालं. कडप्प्याच्या ओट्यावर तसंच ओतून अर्धा तास ठेवलं. कडप्पा, शहाबादी म्हणजे चुनखडीच, आंबटाने खाल्ली जाते. तो पांढुरका डाग अजून आहे, वर परात ठेवते.

पैसे वाचतात का? फारसे नाहीत. गूळ काय फुकट मिळतो?

केळीच्या सालींचं काय करायचं ते नंतर सापडलं. गल्लीतला वेफरवाला पाटीभर साली आनंदाने देतो. गच्चीवर कडक वाळवून जाळल्या की जेमतेम मूठभर राख उरते. ती पाण्यात भिजवून वरचं पाणी निवळून घ्यायचं. बोटांना बुळबुळीत लागतं. सालीत पोटॅशियम भरपूर, त्याचाच हा क्षार. तर्रीची कढई याने निघते, पण हातमोजे घाला. या पाण्यात थोडा चुना उकळून, गाळून, तेल घालून शिजवलं तर खरा साबण होतो, तोही लोण्यासारखा मऊ. कडक वडी हवी तर कॉस्टिक सोडाच लागतो. हे आणि मोसंबीचं पाणी एकत्र करू नका, फसफसून दोन्ही वाया जातात. आणि राखेचं पाणी ॲल्युमिनियमच्या पातेल्याला तर अजिबात नको, काळं पडतं. दुधाचं पातेलं होतं, नवीन.